अग्नीचे माप

परसात मांडण्याची गॅसची एक मोठी शेगडी विकत घ्यावी की न घ्यावी, आणि घ्यावयाची तर किती बळाची घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. परंतु गेले दोन महिने तो माझ्या मनात घोळत राहिला याचे कारण पैशाच्या हिशेबात नव्हते, तर मनुष्याने आपल्या नित्याच्या गरजेहून अधिक सामर्थ्य जवळ बाळगावे काय, आणि गरज कोठे संपते व हाव कोठे सुरू होते हे ठरविण्याची मुखत्यारी कोणाकडे असावी, या फार जुन्या वादाशी तो प्रश्न येऊन भिडला होता.

कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावी आमच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध चिनी गृहस्थ राहतात. ग्वांगडोंग प्रांतातून आलेल्या या गृहस्थांचे बहुतेक आयुष्य उपाहारगृहांच्या भट्ट्यांपुढे गेले. त्यांच्या कँटोनी बोलीत ‘वोक हे’ असा एक शब्द आहे. ‘वोक’ म्हणजे कढई, आणि ‘हे’ म्हणजे उत्तरेकडच्या चिनी भाषेतील ‘छी’: श्वास, वाफ, चैतन्य असे अर्थ एकवटलेला, आपल्या ‘प्राण’ शब्दाच्या अगदी शेजारी बसणारा शब्द. तो ज्या जुन्या अक्षराने लिहितात त्यात वाफेच्या चिन्हाखाली तांदळाचे चिन्ह असते. ग्रेस यंग या अमेरिकेतील पाककलालेखिकेने २००४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘कढईचा श्वास’ अशा अर्थाचे आहे. ज्या भाषेने अन्नाच्या एका स्वादाला प्राणाचे नाव दिले, त्या भाषेतील माणसे स्वयंपाकाकडे केवळ पोट भरण्याची तजवीज म्हणून पाहत नसणार, हे मला त्या शब्दावरूनच उमगले.

या श्वासाची भौतिक बाजू सांगण्यासारखी आहे. पातळ कार्बन पोलादाची, तेलाचे थर जाळून जाळून काळीभोर झालेली कढई इतकी तापलेली असावी लागते की भाजीचे पाणी सुटताक्षणी त्याची वाफ व्हावी. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक, म्हणजे सुमारे २,२६० ज्यूल, त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. आणि घरच्या चुलीचा पराभव नेमका या टप्प्यावर होतो. पालेभाजीचा ढीग कढईत पडला की कढई निवते, पाणी साचते, आणि परतावयास घेतलेली भाजी आपल्याच पाण्यात शिजू लागते. निष्णात आचारी दर सेकंदाला सुमारे तीन वेळा कढई झटकून अन्न उडवितो, असे जॉर्जियातील एका तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली मोजून दाखविले. उडालेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब कढईच्या काठाशी ज्वालेला भेटून पेटतात, त्यांचा क्षणिक धूर अन्नावर परत उतरतो, आणि त्या स्वादाचा काही अंश त्यातून येतो.

येथील घरगुती शेगडीचा मोठ्यात मोठा बर्नर ताशी पंधरा ते अठरा हजार बीटीयूंचा, तर उपाहारगृहांतील भट्टी लाखाच्या घरातली. परसासाठी जे बर्नर मिळतात ते साठ हजारांपासून लाखाच्याही पुढे जातात. लाखाचा बर्नर पुरा उघडला तर वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोंची टाकी साडेचार तासांच्या आत रिकामी होते. आणि गॅस इतक्या वेगाने ओढला की टाकीच गारठते, बाहेरून दव धरते, आतला दाब उतरतो व ऐन कामाच्या वेळी ज्योत मलूल होते. पाय रुंद व भक्कम असावेत, गोल बुडाची कढई न डगमगता बसावी, हवेची झडप फिरवून ज्योत निळी करता यावी. हे सारे मी वहीत टिपून ठेवले. घराच्या आत असा बर्नर लावणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आवतण देणे होय. त्याबाबत तडजोडीला जागाच नाही.

अपरिग्रहाचे नाव घेऊन या साऱ्याला नकार देणे सोपे होते. दोन माणसांच्या घराला लाख बीटीयूंचा जाळ कशाला, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. पण त्या नकारात एक लबाडी आहे असे मला वाटू लागले. आमच्या कोकणातील घरी आजी चुलीच्या तोंडाशी भाकरी भाजावयाची आणि त्याच चुलीच्या वैलावर आमटी कढत ठेवावयाची. भाकरी वैलावर होत नाही. ती मंद आचेवर टाकली तर फुगत नाही, चिवट होते. आणि अशा भाकरीला ‘संयमाची भाकरी’ म्हणणे हा संयमाचाही अपमान आणि भाकरीचाही. प्रत्येक कर्माला स्वतःचा एक अग्नी असतो व त्याहून कमी अग्नी देणे हासुद्धा दोषच आहे, हे ती निरक्षर बाई शब्दांत कधी बोलली नाही, पण लाकूड आत सारताना अन् बाहेर ओढताना रोज पाळीत असे. जेवणापूर्वी तुपाचा भात चिमूटभर त्या जाळात पडे, आणि मगच आमची पाने वाढली जात.

आपल्या कर्मकांडातही हा विचार फार स्पष्टपणे आलेला आहे. होमाच्या वेळी पुरोहित अग्नीची स्थापना करतो ती नाव घेऊन: विवाहात तो ‘योजक’, पौष्टिक कर्मात ‘बलवर्धन’. अग्नी एकच, कर्म बदलले की त्याचे नाव बदलते, आणि नावाबरोबर त्याच्याकडून धरावयाची अपेक्षाही. चरकाने देहातील अग्नीचे चार प्रकार सांगितले, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद, आणि मान दिला तो समाला; तीक्ष्णाग्नी त्याने आरोग्याचा आदर्श मानला नाही. चिनी परंपरेत ज्वालेचे दोन प्रकार मानतात, एक ‘वन’, म्हणजे विद्वानाचा सौम्य अग्नी, आणि दुसरा ‘वू’, म्हणजे योद्ध्याचा प्रखर अग्नी. आणि कोणता केव्हा व किती वेळ द्यावा या विवेकाला ‘हुओहौ’ म्हणतात. ताओपंथी साधक देहातील आंतरिक किमयेविषयी बोलताना हाच शब्द वापरीत. शेजाऱ्यांनी हे शब्द मला समजावून दिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीची चूल उभी राहिली. तोंडाचा जाळ योद्धा, वैलाची ऊब पंडित, आणि दोन्ही एकाच लाकडाचे.

मग एका संध्याकाळी त्यांनी आपल्या परसातील बर्नर माझ्या स्वाधीन केला. तो पेटतो तेव्हा विमानासारखा घरघरतो. बोललेले ऐकू येत नाही. मी तेल घातले, लसूण टाकला, आणि सराटा घेण्यासाठी वळलो. तेवढ्यात लसणाचा कोळसा झाला. सोया सॉसची बाटली चार पावलांवर पाटावर होती. तिच्याकडे मी पाहिले आणि ती आता निरुपयोगी आहे हे मला कळले. त्यांनी झडप बंद केली, कढई धुतली, आणि एकेक वाटी माझ्यापुढे ओळीने मांडली: आले, लसूण, कांद्याची पात, निथळून कोरडी केलेली भाजी, कालवून ठेवलेला रस. अग्नी सर्वांत शेवटी. आपल्याकडेही सामग्री मांडून झाल्यावाचून अग्निस्थापना होत नाही, आणि लहानपणी त्या विलंबाचा मला फार कंटाळा येई.

केनोपनिषदातील अग्नीची कथा त्या रात्री मी पुन्हा वाचली. विजयाच्या अभिमानात असलेला अग्नी यक्षासमोर जाऊन सांगतो की पृथ्वीवरील सर्व काही मी जाळू शकतो, आणि यक्ष त्याच्यापुढे गवताची एक काडी ठेवतो. सर्व वेग लावूनही ती जळत नाही. आजवर मी ही कथा गर्वहरणाची म्हणून वाचीत आलो होतो. आता तिच्यातील दुसरा भाग मला दिसला: सामर्थ्य ही अग्नीची मिरास नव्हे, ते त्याच्याकडे सोपविलेले आहे, आणि सोपविणारा काडी पुढे ठेवून हिशेब मागू शकतो. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या देवतेचे, झाओ जूनचे, एक चित्र लावलेले आहे. बाराव्या चांद्रमासाच्या तेविसाव्या किंवा चोविसाव्या तिथीस ही देवता त्या घराचे वर्षभराचे दप्तर घेऊन स्वर्गात जाते व स्वर्गाच्या जेड सम्राटापुढे रुजू करते, अशी तिकडील श्रद्धा आहे. चुलीपुढे बसणारा साक्षीदार असतो, या कल्पनेने मला फार धीर आला. कारण जिच्यावर कोणाची नजर आहे ती शक्ती निरंकुश होत नाही.

मी शेवटी साठ हजारांचा बर्नर घेतला, आणि तो निवडताना त्याची कमाल किती यापेक्षा किमान ज्योत किती खाली आणता येते, फिरवलेली झडप हाताला कितपत आज्ञाधारक लागते, हेच मी दुकानात अधिक तपासले. कमी पडले तर? असे मी शेजाऱ्यांना विचारले. त्यांनी माझ्या कढईतील भाजी अर्धी काढून बाजूला ठेवली. जाळ वाढवण्याआधी घास लहान करून बघ, एवढेच ते म्हणाले.

शरद ऋतूत येथे डोंगराकडून ज्याला डियाब्लो म्हणतात तो कोरडा वारा सुटतो. २०१८ सालच्या नोव्हेंबरात उत्तरेकडे पॅरडाइज नावाचे गाव जळाले, ८५ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्या धुराने आमच्या इकडचे आकाशही कित्येक दिवस करडे होते. त्यामुळे वाऱ्याचा लाल इशारा निघाला की परसातला बर्नर झाकलेला राहतो, टाकीची कळ बंद असते. गेल्या आठवड्यात तसा एक दिवस आला. मी घरातल्याच लहान शेगडीवर कढई ठेवली, ती धुरकट होईपर्यंत तापू दिली, आणि भाजीचे चार भाग करून एकेक मूठ परतली. प्रत्येक भागानंतर कढई पुन्हा तापण्याची वाट पाहिली. चौथ्या मुठीला पाणी सुटले नाही. कुंपणावरून मी वाटी पुढे केली तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी आधी तिचा वास घेतला, क्षणभर डोळे मिटले, आणि मग काड्या आणावयास ते आत गेले.