काटकसर कुणाची, पंगत कुणाची?

तिजोरीत खडखडाट असताना राज्यकर्त्यानं मेजवानी द्यावी की देऊ नये? सवाल साधा दिसतो. आपल्यातला कुणीही फाटकन् उत्तर देईल : देऊ नये. लोक उपाशी अन् हे जेवतात, थू! झालं. टाळ्या पडल्या, सभा संपली. पण मित्रांनो, टाळ्यांनी सवाल सुटत नसतो. थुंकणं सोपं आहे, का थुंकलो हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर उद्या आपल्यातलाच एखादा त्या पंगतीत जाऊन बसेल, अन् त्याला तिथून उठवायला आपल्याजवळ शब्द नसेल.

म्हणून आधी प्रकरण नीट मांडतो.

जून २०२५. मुंबईच्या विधानभवनात देशभरातल्या अंदाज समित्यांची राष्ट्रीय परिषद भरली. संसदेच्या अंदाज समितीला ७५ वर्षं झाली, त्याचा सोहळा. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला उद्घाटनाला. पाहुणे सुमारे ६००. पुढं बोंब झाली ती जेवणाच्या थाळ्यांवरून. कुणी म्हणालं चांदीच्या, कुणी म्हणालं चांदीच्या मुलाम्याच्या. एका थाळीचं भाडं ५५० रुपये आणि जेवण माणशी चार हजारांच्या वर, असे आकडे छापून आले. आकड्यावर वाद घालायचा तर खुशाल घाला. मी आकडा बाजूला ठेवतो. मला त्या समितीचं काम काय असतं ते आठवतं. सरकारच्या खर्चाचे अंदाज तपासायचे आणि कुठं काटकसर करता येईल ते सुचवायचं. काटकसर सांगणाऱ्यांचा उत्सव, आणि त्यात चांदीची चर्चा!

आता एक महिना मागं या. मे २०२५. ‘लाडकी बहीण’ योजनेला पैसा कमी पडत होता. तो कुठून काढला? सामाजिक न्याय खात्यातून ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्यातून ३३५ कोटी ७० लाख. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट स्वतःच जाहीरपणे चिडले, गरज नसेल तर खातंच बंद करा अशा अर्थाचं बोलले. सरकारच्या बाजूनं सांगितलं गेलं की हा पैसा त्याच समाजाच्या बायांना जातो. जातो ना. आमच्या वस्तीतल्या बायांच्या खात्यावरही पंधराशे पडतात आणि त्या पंधराशेतून तेल-मीठ येतं. मी त्या बायांच्या विरोधात एक अक्षर बोलणार नाही. पण आईच्या ताटात वाढायला लेकराच्याच ताटातलं उचललं, तर घरात नवीन काय शिजलं?

आणि हे लेकराचं ताट म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी निघाली, तिला नाव दिलं ‘आकांक्षित’. नाव मोठं गोड. मानोऱ्याचं, मालेगावचं, रिसोडचं पोरगं शिकायला बाहेर पडतं. वसतिगृहात जागा मिळत नाही. अशा अनुसूचित जातीच्या पोरापोरींना खोली-जेवणाचे पैसे मिळावेत म्हणून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. असला हप्ता लांबला की पोरगं मेसवाल्याची नजर चुकवत जगतं. कुठल्याही खिडकीवर त्याला एकच उत्तर मिळतं : निधी नाही. हे दोन शब्द आपल्या पिढीनं जितक्यांदा ऐकले, तितक्यांदा आपलं नावही कुणी हाकारलं नसेल.

आता दुसरी बाजू. ती टाळून चालणार नाही.

पहिलं म्हणणं असं की पाहुण्याला चांगलं जेवू घालणं ही आपली रीत आहे, राज्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. दुसरं असं की राज्याचा कारभार हजारो कोटींचा, त्यात एका जेवणाचे पैसे म्हणजे चिमूटभर. जेवण रद्द करून काही स्कॉलरशिपा वाटल्या जाणार नाहीत.

यातलं पहिलं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पाहुणचार आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाऊन पाहा. दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर लोक अनोळखी माणसाला हाक मारमारून जेवू घालतात. त्यातले कितीतरी स्वतः रोजंदारीवाले. म्हणजे टंचाईत जेवू घालणं हे पाप नाही, उलट तीच माणुसकीची परीक्षा आहे. मग विधानभवनातली थाळी आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावरची पत्रावळ यांत फरक काय? फक्त चांदीचा?

हा सवाल मी आमच्या जिनिंगमध्ये टाकला होता. सरकी उचलता उचलता एक म्हातारा हमाल बोलला, “पाहुना आला त जेवू घालाच लागते बापा. पन घरातल्या लेकराले भाकर नाई म्हनाचं, अन् ओसरीवर चार दोस्ताइले बोकड कापून घालाचं, याले पाहुनचार नाई म्हनत. याले माज म्हनते.”

सगळी पोथी यात आली. पत्रावळीवर वाढणारा स्वतःच्या वाट्यातलं वाढतो आणि समोर जो येईल त्याला वाढतो. माज करणारा दुसऱ्याच्या वाट्यातलं वाढतो आणि आपल्या बरोबरीच्यांनाच बोलावतो. फरक धातूचा नाही. पैसा कुणाचा अन् पंगत कुणाची, फरक इथं आहे.

दुसऱ्या म्हणण्याचं उत्तरही त्यातच आहे. पैसा चिमूटभर असेल, कबूल. पण काटकसर ही नुसती बेरीज-वजाबाकी नसते, तो हुकूम असतो. आमच्या मिलमध्ये भाव पडला की वरून निरोप येतो, यंदा हात आखडा. तेव्हा मजूर हिशोब मागत नाही, तो फक्त वर पाहतो. वरचा हात आखडलाय का? आखडला असेल तर तोही निमूट आखडतो. नसेल तर त्याला कळतं की टंचाई पैशाची नाही, टंचाई त्याच्यासाठी आहे. ४ मे २०२० ला कोरोनाच्या काळात राज्य सरकारनं हुकूम काढला : विकासाचा खर्च ३३ टक्क्यांवर आणा, नवी नोकरभरती बंद. नोकरभरती बंद म्हणजे आपल्या किती पोरांची वयं निघून गेली, मोजा. असा हुकूम देणाऱ्याला जेवणाचं चिमूटभरही माफ नसतं. हुकूम ज्याच्या तोंडून निघतो, त्याच्यावर तो सगळ्यात आधी लागू झाला पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात हे घडलं. २१ फेब्रुवारी २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीवर बंदी जाहीर केली. गरिबाच्या लग्नात वऱ्हाडी मोजले जात होते. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीला आले आणि हजारोंची गर्दी लोटली. गुन्हे दाखल झाले ते जमलेल्या लोकांवर. बंजारा माणूस भक्तीनं आला, तांड्यावरून पायी आला, त्याला मी दोष देत नाही. पण ज्या सरकारनं ‘जमू नका’ म्हटलं त्याच सरकारचा मंत्री गर्दीच्या मधोमध उभा होता. नियम तिथंच मेला.

इतिहासात हे नवं नाही. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसं मरत होती आणि १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लिटननं दिल्लीत दरबार भरवला, राणी आता हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून. त्याच १८७७ मध्ये जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या पोरांना भाकरी घालत होते. एकाच वर्षी दोन पंगती बसल्या. कुठली पंगत राज्याची इभ्रत वाढवणारी होती, सांगा.

जोतीरावांची दुसरी गोष्ट तर थेट मेजवानीचीच. २ मार्च १८८८. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात. त्याच्यासाठी हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. सगळे दागदागिन्यांत मढून आलेले, आणि जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात. त्यांनी ड्यूकला सुनावलं की इथं जमलेले हे हिंदुस्थानचे खरे प्रजाजन नव्हेत, खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जा. लक्षात घ्या, जोतीरावांनी बहिष्कार टाकला नाही. ते गेले. जो त्या पंगतीत नव्हता, त्याला स्वतःच्या अंगावर घालून घेऊन गेले.

१५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. तेव्हाही चांदीच! त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ, पुढं मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. दलित पँथरनं तो दिवस काळा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला. त्यांनाही लोक म्हणाले असतील, अरे देशाचा सण आहे, आजच्या दिवशी तरी! पण ज्याला पंगतीत जागाच नाही त्याला सणाची तारीख दाखवून गप्प बसवता येत नाही.

आता एका फसवणुकीबद्दल बोलतो. तिला आपण नेहमी भुलतो. साधेपणाचं नाटक.

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. शेतकरी मरतोय, आम्ही चहा कसा पिऊ? ऐकायला बरं वाटतं. पण खुर्च्या बदलल्या की कालचा बहिष्कारवाला चहा ओततो आणि कालचा यजमान बहिष्कार टाकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याचं चार महिन्यांचं खानपानाचं बिल २ कोटी ३८ लाख झाल्याचं सांगितलं, चहात सोन्याचं पाणी घालता काय असं विचारलं. सवाल चोख होता. २ जुलै २०२३ ला तेच त्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. सवाल तिथंच राहिला, विचारणारा आत गेला.

२०१३ च्या फेब्रुवारीत, दुष्काळात, राज्यमंत्री भास्कर जाधवांच्या घरच्या लग्नाचा थाट चिपळूणला गाजला. शरद पवारांनी जाहीर कान उपटले, जाधवांनी माफी मागितली. चांगलं झालं. पण माफीनं एकाही गावाला टँकर जास्त आला नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागत होतं, आणि त्याच जिल्ह्यात बेलकुंडला मंत्री एकनाथ खडसेंचं हेलिकॉप्टर उतरायचं म्हणून हेलिपॅडवर सुमारे दहा हजार लिटर पाणी मारल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे धडा कुणी घेतला नव्हता. लाज ही तेवढ्यापुरती असते. हिशोब कायमचा मागावा लागतो.

याच्या शेजारी आपलं महाड ठेवा. मार्च १९२७. परिषदेला हजारो माणसं जमलेली आणि गावातलं पाणी आपल्याला बंद. मंडपातल्या लोकांसाठी त्या दिवशी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ते चाळीस रुपये हा आपल्या चळवळीतला सगळ्यात मोठा स्वागतखर्च मानतो मी. एक पैसा कुणाच्या तोंडचा काढलेला नव्हता, आणि पंगतीत सगळी तहानलेलीच माणसं होती.

आणि म्हणूनच पोट्टेहो, बोट आता आपल्याकडे वळवतो. राग आला तर येऊ द्या. आपल्या नेत्याच्या स्वागताला जेसीबीतून फुलं उधळली जातात. चौकात वाढदिवसाचा बॅनर, त्यावर आपलेच वीस फोटो. वर्गणी वस्तीतली. जी बाई सोयाबीन सोंगून दिवस काढते तिच्या हातची नोट घ्यायची, ती डीजेवाल्याला द्यायची, आणि अभ्यासिकेचा पंखा दोन वर्षं बंद! २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधःपाताकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. ते आपण फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि त्याच भिंतीखाली नेत्याच्या पाया पडलो. मंत्र्याच्या थाळीवर बोलायचा हक्क हवा असेल तर आधी आपल्या जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च बुद्धविहाराच्या फळ्यावर खडूनं लिहा. एकूण एक रुपया. ज्यानं वाढायचं, त्यानं हिशोब द्यायचा, मग तो आपला असो की त्यांचा.

माझं म्हणणं एवढंच. नेत्यानं मेजवानी द्यावी का, याचं उत्तर ‘कधीच नाही’ असं नाही. पैसा त्याचा स्वतःचा असेल, पंगतीचं दार टंचाई भोगणाऱ्यालाही उघडं असेल, आणि त्या दिवशी त्याच्या सहीनं कुणाचा हक्काचा पैसा अडलेला नसेल, तर खुशाल द्यावी. आपणही जाऊ, पोटभर जेवू. यातलं एक जरी खोटं असेल तर ती मेजवानी नाही. ती आपल्या ताटातली चोरी आहे, थाळी स्टीलची असली तरी.

आणि हे नुसतं म्हणून ठेवायचं नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही माफ, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या जिल्ह्यात यापुढं सरकारी स्वागत झालं, मंडप पडला, की दोन अर्ज टाका. एकात विचारा, या कार्यक्रमावर कुठल्या हेडातून किती खर्च झाला. दुसऱ्यात विचारा, त्याच तारखेला जिल्ह्यातल्या अनुसूचित जातीच्या किती विद्यार्थ्यांचे पैसे थकले होते. दोन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी-शेजारी छापा आणि त्याच मंडपाच्या जागेवर वाटा.

वर घोषणा लिहू नका. लोकांना वाचता येतं.

जयभीम.