साक्षीदार नसलेली प्रदक्षिणा

भारतीय नाविकाने एकट्याने, शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास सुरतेत जन्मलेल्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचा. त्यातून नौदलाची ‘सागर परिक्रमा’ उभी राहिली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत ती पुरी केली, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. टॉमी पुढे अशाच एकट्याने, न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीतही उतरले. परिक्रमा ही साधना; तीत पहिला-दुसरा नसतो. मग शर्यतीला साधना म्हणता येईल का? माझ्या मते येईल. साधनेचे मर्म स्वेच्छेने पत्करलेल्या नियमात असते. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी ओलांडत नाही. सुरतेच्या उत्तरेला, तिच्या मुखाशी, तो नावेने खाडीतून वळसा घालतो. पृथ्वीप्रदक्षिणेतही सुएझ, पनामा हे कालवे वर्ज्य. जवळची वाट दिसत असूनही सोडायची, आणि तीही कोणी पाहत नसताना.

१९६८ च्या पहिल्या गोल्डन ग्लोबमध्ये डोनाल्ड क्राउहर्स्ट नेमका इथेच मोडला. कर्जाच्या ओझ्याखाली तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवत राहिला. १९६९ च्या जुलैत त्याची नौका रिकामी सापडली. वहीत ईश्वर आणि काळ यांविषयीची भ्रमिष्ट टिपणे होती. खोटे जगाला कळले नव्हते, तरी त्याला ते सोसले नाही. आपले तत्त्वज्ञान ज्याला आतला साक्षी म्हणते, त्याच्या बाजूने याहून करुण पुरावा मला ठाऊक नाही. स्पर्धाच माणसाला खोटे बनवते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण त्याच शर्यतीत बर्नार मोइतेसिए जिंकण्याची संधी सोडून ताहितीकडे निघून गेला, आणि मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’तून जिंकलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाची रक्कम क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिली. शर्यत एकच, माणसे तीन.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. सुरतेतल्या बमरोलीत यंत्रमागावर रोजंदारी करणारा विचारील, या हौसेचा कोणाला उपयोग, आणि संकटात धावायचे कोणी? उपयोग दाखवता येत नाही, हे मान्य करावे; पंढरीच्या वारीचाही तसा दाखवता येत नाही. धावण्याबद्दल मात्र उत्तर आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोबमध्ये दक्षिण हिंदी महासागरात टॉमींची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. तेव्हा त्यांचा आयरिश प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगकिन, स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना, जुगाडाचे शीड उभारून त्यांच्या दिशेने निघाला होता.