सोसणाऱ्याचा शब्द

अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांच्या अतिवापराने असंख्य बळी घेतले. म्हणून २०१६ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांना सल्ला दिला : दिवसाची मात्रा ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीपर्यंत वाढविणे टाळावे. हेतू चांगला होता. परंतु सल्ल्याचा नियम झाला आणि वर्षानुवर्षे वेदना सोसणाऱ्या कित्येकांची औषधे एकाएकी तोडण्यात आली. २०२२ साली ती मार्गदर्शिका सुधारण्यात आली. रुग्णांचा अविश्वास मात्र सरला नाही.

त्यांना कृतघ्न म्हणणे आम्हांस रास्त वाटत नाही. एकाच्या रक्षणाची किंमत दुसऱ्याकडून, त्याला न विचारता, वसूल करावी काय? वेदना यंत्रात दिसत नाही. सोसणाऱ्याचा शब्द हाच तिचा पुरावा. तो शब्दच ज्यांनी संशयास्पद मानला, त्यांनी विश्वासाची अपेक्षा कशी करावी? धोरणकर्त्यांनी प्रथम रुग्णाच्या उशाशी बसून ऐकावे.