न सांगितलेली बातमी

मोठ्या दुकानात बिल करताना काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, ‘मोबाईल नंबर?’ आणि मागची रांग बघून बहुतेक जण तो सांगून टाकतात. त्यासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. पण मला त्यापुढचा प्रश्न छळतो. जे मी सांगितलंच नाही, नुसतं माझ्या खरेदीवरून ताडलं गेलं, ते कोणाचं?

चार्ल्स डुहिग यांनी २०१२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीबद्दल लिहिलं होतं. तिथले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू पोल यांनी सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून गिऱ्हाईक बाई गरोदर आहे का, याचा अंदाज बांधला. बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या... सुट्ट्या पाहिल्या तर यात गुपित काहीच नाही. पुढे हे बायांना खटकतं असं दिसल्यावर कंपनीने कुपनं थांबवली नाहीत. डायपरशेजारी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात छापली, म्हणजे सगळं योगायोगाने आलंय असं वाटावं.

मला खोट दिसते ती इथे. अंदाज बांधला, यापेक्षा तो बांधलाच नाही असं भासवलं, यात. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत गोड बातमी बाहेर फोडत नाहीत. ती कधी आणि कोणाला सांगायची, हे त्या बाईने ठरवायचं. (सासूबाई मध्ये पडतात, ते सोडा.)

‘कोपऱ्यावरच्या वाण्यालाही सगळं कळायचंच की!’ असं कोणी म्हणेल. खरंय, आणि तो गप्पिष्ट असला तर गल्लीभर करायचा. पण त्याला काय कळलंय ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. त्याच्या घरातलंही मला ठाऊक असायचं.

आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. पण लोशनच्या नोंदीला मी ‘हो’ म्हणते, तेव्हा त्यातून निघणारा निष्कर्ष जन्मालाच आलेला नसतो. त्याला संमती द्यायची कशी? मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला हा कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. मोठ्यांसाठी तशी सरसकट मनाई नाही.

माझी मागणी साधी आहे. कुपनावरच छापा : ‘तुम्ही अमुक तीन वस्तू घेतल्या, म्हणून आम्हाला असं वाटतं.’ खाली ‘हा अंदाज पुसून टाका’ अशी सोय द्या. त्याने विक्री पडेल, असं दुकानदार म्हणतील. बहुधा पडेलच.