जांगडावरचा नीलम

नीलम कोणी पहिल्या भेटीत विकत घेत नाही. ओळखीचा सराफ खडा पुडीत बांधून देतो, "तीन दिवस ठेवून बघा" म्हणतो, आणि घरची मंडळी तो निळ्या फडक्यात गुंडाळून उशाखाली ठेवतात. स्वप्नं कशी पडतात, कामं होतात की अडतात, हे पाहायचं आणि मग ठरवायचं. शनीचा खडा, लाभला तर राज्य देतो, नाही तर होतं ते घेऊन जातो, अशी त्याची ख्याती. माझा शनीशी काही वाद नाही, आणि त्याच्या भीतीने खडा घ्यावा किंवा टाळावा असंही मला वाटत नाही. पण या रिवाजातली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. खडा आधी घरी येतो, पैसे नंतर जातात. व्यापारी आपसात याला जांगड म्हणतात. माल पसंतीसाठी नेलेला असतो, अजून कोणाचाच झालेला नसतो.

अशी एक पुडी तुमच्यासमोर आहे असं धरा. आत श्रीलंकेतल्या रत्नपुरा भागातला एक नीलम आहे, दोन कॅरटच्या आसपास, लंबगोल घाटाचा. खरोखर खडा निवडायला निघाला असाल तर तोच समोर ठेवा. नसाल तर मनातलाही चालेल. एक परिच्छेद वाचा, थांबा, मग पुढे या.

पुडी अजून उघडू नका. आधी स्वतःचा हात बघा. ज्या बोटात अंगठी येणार ते बोट सावकाश पाहा. पेर रुंद आहे का, संध्याकाळी बोट सुजतं का, जुन्या अंगठीचा वळ आहे का. हे बोट दिवसभर काय काय करतं, ते आठवा. कणीक मळतं, बादली उचलतं, लोकलमधली कडी पकडतं, कीबोर्डवर फिरतं. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि मोहसच्या श्रेणीत क्वार्ट्झचा कठीणपणा ७ आहे. त्याहून मऊ खड्याचे पैलू रोजच्या पुसण्यानेही हळूहळू बोथट होतात. पुणे-जळगावकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत निघणारं हिरवं ॲपोफिलाइट बघत राहावं इतकं सुंदर असतं, पण ते ५ च्याही पुढे जात नाही. त्याची जागा कपाटात. पाचू पुरेसा कठीण, पण त्याच्या पोटात बहुधा भेगा असतात, त्यांत तेल मुरवलेलं असतं आणि त्याला कढत पाणी मानवत नाही. नीलम ९ वर बसतो. त्याच्या वर फक्त हिरा. म्हणजे तुमचा हात जसा आहे तसा या खड्याला चालणार आहे. त्याच्यासाठी हाताला बदलावं लागणार नाही.

आता पुडी उघडा. खडा बाहेर काढू नका, कागदावरच राहू द्या.

मनात पहिल्यांदा काय आलं ते नुसतं बघा. बहुतेकांच्या मनात किंमत येते. त्यामागोमाग "खरा असेल ना?" आणि मग "अमकीच्या अंगठीतला याहून गडद होता." हे विचार हाकलू नका आणि त्यांना बसायला पाटही देऊ नका. ते दमले की रंग दिसू लागतो.

खडा उत्तरेच्या खिडकीशी न्या. रत्नांचे व्यापारी उत्तरेच्या उजेडाला मान देतात, कारण तो सरळ उन्हाचा नसतो आणि फारसा बदलत नाही. सराफाच्या दुकानातले दिवे खड्याची बाजू घेतात. खिडकी कोणाचीच बाजू घेत नाही. पांढऱ्या कागदावर खडा तोंड वर करून ठेवा. निळा रंग कडेपर्यंत सारखा पसरलाय का? मधोमध एखादा फिका ठिपका दिसतो का, ज्यातून खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत? पारखी त्याला खिडकी म्हणतात. घाट उथळ पडला की उजेड परत फिरत नाही, आरपार निघून जातो. उलट काही खड्यांचं पोट सुटलेलं असतं. कारागिराने वजन वाचवलेलं असतं आणि त्या न दिसणाऱ्या पोटाचे पैसे तुम्ही मोजता.

आता खडा चिमट्यात धरून आडवा करा आणि बाजूने बघा. इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण लंकेच्या कितीतरी नीलमांत इथेच आश्चर्य असतं. वरून भरगच्च निळा दिसणारा खडा बाजूने जवळजवळ पाण्यासारखा, बिनरंगी निघतो. सगळा रंग तळाच्या टोकाशी, एका छोट्या ठिपक्यात गोळा झालेला असतो. घाट देणाऱ्याने कच्चा खडा हातात घेऊन तो ठिपका हेरलेला असतो आणि तो बरोबर तळाशी यावा असे पैलू पाडलेले असतात. वरून आलेला उजेड खाली जातो, त्या ठिपक्याला शिवतो आणि निळा होऊन सगळ्या पैलूंतून परत येतो. केशराच्या एका काडीने वाटीभर दूध रंगावं तसं. यात फसवणूक काही नाही. कारागिराला मिळालेल्या दगडाशी त्याने केलेली ही तडजोड आहे, आणि मला ती सर्वांगी सारख्या रंगाच्या खड्यापेक्षा अधिक आवडते.

तो रंग तरी कशाचा? शुद्ध कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं स्फटिक, काचेसारखं रंगहीन असतं. त्यात लोह आणि टायटॅनियम यांचा अगदी किंचित शिरकाव होतो, शेकडा एका भागाच्याही शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. लोहाकडचा इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी घेतो, त्या उडीसाठी उजेडातला तांबडा-पिवळा भाग वापरला जातो, आणि उरतो तो निळा. त्यांच्याऐवजी क्रोमियम शिरलं असतं तर याच दगडाला माणिक म्हटलं असतं. पिवळा झाला असता तर पुष्कराज. गंमत अशी की पत्रिकेत रवी आणि शनी हे बापलेक एकमेकांचे हाडवैरी, आणि त्यांचे खडे मात्र एकाच खनिजाचे. खड्याकडे पुन्हा बघा. ज्यासाठी तुम्ही एवढे पैसे मोजायला निघालात तो या स्फटिकात शिरलेला उपरा अंश आहे. तो नसता तर हा दगड कोणी उचलला नसता.

डोळे मिटा. थोडा श्वास. डोळे उघडा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. भिंग डोळ्याला लावून धरा आणि खडा हळूहळू जवळ आणा. दिसेपर्यंत हात हलेल, हलू द्या.

आत काय काय आहे? कदाचित अतिबारीक सुया असतील, तीन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या. त्या रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या, पारखी त्यांना रेशीम म्हणतात. कदाचित बोटाच्या ठशासारखी एक जाळी असेल. स्फटिक वाढत असताना तो तडकला आणि जमिनीच्या पोटातच पुन्हा सांधला गेला, त्याची ती खूण. रंगाचे सरळ पट्टे असतील, षटकोनाच्या कोपऱ्यासारखे वळलेले. हे पट्टे नीट लक्षात ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून आधी माणिक आणि मग नीलम बनवला. त्या खड्यांत वाढीच्या रेषा वक्र असतात. निसर्गातल्या स्फटिकाच्या सरळ. भट्टीतला नीलमही रसायनाने नीलमच असतो, त्याला नकली म्हणणं मला जड जातं. पण तसा खडा हवा तेव्हा पुन्हा बनवता येतो. तुमच्या पुडीतला नाही.

सराफाने "एकदम साफ आहे" असं कौतुकाने सांगितलं असेल तर त्या शब्दाशी थोडं थांबा. साफ खडा महाग हे खरं. पण डोळ्यांना सहज न दिसणारं, भिंगाखाली उलगडणारं थोडं रेशीम मला वाईट वाटत नाही. ते उजेड किंचित पसरवतं आणि निळ्याला मखमलीचा पोत देतं. काश्मीरच्या पाडरमधल्या जुन्या नीलमांचं सगळं नाव अशाच सूक्ष्म कणांवर उभं आहे. शिवाय रुटाइलच्या सुया अखंड असल्या तर खड्याला फार मोठी आच लागलेली नाही, असा तो पुरावाही आहे. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेले असतात. लंकेतले दुधट, कोणी ढुंकून न पाहणारे 'गेउडा' दगड दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापवले की सुया विरघळतात, त्यांतलं टायटॅनियम स्फटिकात मिसळतं आणि दगड निळा होतो. तापवणं हे पाप नाही. लपवणं आहे. न तापवलेल्या खड्याची किंमत मागत असतील तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा, त्यात तसं लिहिलेलं असायला हवं. अंगठीच्या सोन्यावरचा हॉलमार्क सोन्यापुरताच बोलतो, खड्याबद्दल तो मुका आहे. काच भरलेले खडे मात्र पाहताक्षणी परत करा, त्यांच्यावर मनन नको.

भिंग खाली ठेवा. हातात खडा नुसता घ्या. तो गार लागेल.

हा दगड ज्या खडकात घडला तो सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी दाबाखाली आणि उष्णतेत बदलत होता. तेव्हा लंका बेट नव्हती. भारत, मादागास्कर, आफ्रिका आणि ती एकाच भूखंडात एकमेकांना चिकटलेली होती. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे ज्याला आपण काळा, पुराणा, आदिम म्हणतो तो सह्याद्री या खड्यापुढे पोरसवदा. पुढे मूळ खडक झिजला, पावसाने वाहून गेला. नीलम पाण्याच्या चौपट जड, म्हणून तो वाहत वाहत नदीच्या तळाच्या गोट्यांत बसला. त्या थराला तिथले लोक 'इल्लम' म्हणतात. लाकडाच्या आधाराने आणि नेच्याच्या पानांनी भिंती धरून ते खड्डे खणतात, इल्लम वर काढतात आणि टोपल्यांत पाणी घालून गोल फिरवत चाळतात. बहुतेक टोपल्यांत काहीच नसतं. तुमच्या तळहातावर जे आहे ते त्या बहुतेकांतलं नव्हतं. हे एकदा मनात म्हणा आणि सोडून द्या. फार वेळ धरलं तर ते विकणाऱ्याची जाहिरात होऊन बसतं.

आता संध्याकाळ होऊ द्या. घरातला पिवळा दिवा लावा. पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा अंश थोडका, म्हणून नीलम या वेळी मंदावतो. कोणी जांभळ्याकडे झुकतो, कोणी काळवंडतो. माणिकाचं उलट, तो याच उजेडात पेटतो. तुमचा खडा काय करतो? सकाळी आवडलेला खडा रात्री काळ्या बटणासारखा झाला तर वाईट वाटून घ्या, मनाची समजूत घालू नका. अंगठी उत्तरेच्या खिडकीशी बसून राहणार नाही. ती लग्नात, जेवणाच्या पंगतीत, रात्रीच्या बसमध्ये तुमच्याबरोबर असणार.

रात्री पुडी बांधून ठेवा आणि एक दिवस उघडू नका. मधेच केव्हातरी, भाजी निवडताना म्हणा, आठवून बघा. कोणता रंग आठवतो? 'निळा' एवढंच आठवत असेल तर तुम्हाला नीलम आवडतो, हा नीलम नव्हे. त्या तिरक्या सुया, तळचा ठिपका, कडेचा किंचित हिरवट तुकडा आठवला तर गोष्ट वेगळी.

१९८१ साली ब्रिटनच्या राजघराण्याची सून होऊ घातलेल्या डायनाच्या बोटात जी साखरपुड्याची अंगठी आली तिच्यात लंकेचाच, १२ कॅरटचा लंबगोल नीलम होता. तेव्हा नाकं मुरडली गेली. राजघराण्यातली अंगठी आणि ती सराफाच्या कॅटलॉगमधली, पैसे असतील त्या कोणालाही घेता येणारी! कोंदणापुरतं ते खरं असेल. घाट पुन्हा काढता येतो, हिऱ्यांचा वेढा पुन्हा बसवता येतो, आणि जगभर तशा अंगठ्या पुढे निघाल्याही. मधला दगड मात्र दुसरा निघाला नाही. एकमेव अंगठी हवी म्हणून नक्षीत कल्पकता ओतणाऱ्यांना मी म्हणेन, कोंदण साधं राहू द्या. एकमेवपणाची सोय आधीच झालेली आहे.

आणि परत करावासा वाटला तर? करा. जांगडाचा अर्थच तो. सराफ चहा पाजेल, दुसरी पुडी उघडेल.

ठेवायचा ठरला तर कोंदणाला देताना चिठ्ठीवर मोजकं लिहा. खड्याचं वजन, लांबी-रुंदी, अहवालाचा क्रमांक. मागची बाजू उघडी, म्हणजे उजेडही येईल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हवा असलेला बोटाचा स्पर्शही होईल. कडा सोन्याने वेढलेल्या, कारण हात कामाचा आहे. आणि ठळक अक्षरात, खाली रेघ मारून: तळ घासायचा नाही. खडा नीट बसत नसेल तर कोंदण खोल करा. तळाची टोकाची जागा जरा साफ करून देण्याची सवय काही कारागिरांच्या हाताला असते, आणि या खड्याचा सगळा रंग तिथेच आहे.