कोपराखालचा दांडा

थोडा वेळ गाडी सुरू करू नका. सीटवर बसा, दार ओढून घ्या, एक हात गिअर लिव्हरवर ठेवा आणि कोपर मधल्या कन्सोलवर टेकू द्या. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१५ पासूनच्या पिढीतली. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. गॅरेजच्या भिंतीला एक लांबट खोका टेकवून ठेवलाय. त्यात बाहेरच्या कंपनीचा, एकसंध ॲल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट आहे. गाडीत सध्या आहे तो मूळ कंपनीचा, पोलादी, दोन तुकड्यांचा. पाने बाहेर काढण्याआधी अर्धा तास त्या जुन्या शाफ्टला द्या, एवढीच विनंती. तो तुमच्या कोपराखाली, पत्र्याच्या बोगद्यात आहे, आणि बहुधा तुम्ही त्याला कधी पाहिलेलंच नाही.

डोळे मिटा. इंजिनपासून मनानं मागे मागे चला. इंजिनाचा जोर साधारण ५४० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.६६. म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून जो पीळ बाहेर पडतो, तो जवळपास २००० न्यूटन-मीटरचा. तो सगळा या एका नळीतून मागच्या डिफ्रन्शियलपर्यंत जातो. नळी पिळली जाते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण पिळली जातेच. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वेळी क्लच सोडताना.

आता वेग मनात आणा. डिफ्रन्शियलचं प्रमाण ३.७३ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पावणेचार फेरे होतात. गाडी ताशी १०० किलोमीटरनं निघाली की शाफ्ट मिनिटाला जवळपास ३००० फेरे घेतो. सेकंदाला ५०. मनात सावकाश ‘एक’ म्हणा. तेवढ्यात ५० फेरे झाले. आणि हे सगळं चालू असताना तुमचा कोपर निवांत टेकलेला असतो, शेजारी कुणीतरी बोलत असतं, गाणं लागलेलं असतं. या निवांतपणासाठी कुणीतरी विचार केलाय, मेहनत घेतलीय. शाफ्ट बदलण्याआधी ती मेहनत समजून घेणं मला अगत्याचं वाटतं.

हा शाफ्ट दोन तुकड्यांचा का केला असेल? खर्च वाचवायला नक्कीच नाही. दोन तुकडे म्हणजे मधे एक जास्तीचा जॉइंट, एक सेंटर बेअरिंग, त्या बेअरिंगला धरून ठेवणारं रबर आणि ते सगळं गाडीच्या तळाला कसायचे बोल्ट. घाटात पुढे चाललेल्या ट्रकखाली डोकावलं तर हेच दिसतं. लांब शाफ्टचे तुकडे आणि मधे टांगलेलं बेअरिंग.

दोरीच्या उड्या आठवा. दोघींनी टोकं धरलेली असतात, दोरी फिरते आणि मधला भाग बाहेर फुगतो. शाफ्टचंही असंच होऊ शकतं. कुठलीही नळी शंभर टक्के सरळ नसते, तिचं वजन अगदी अक्षावर नसतं. केसाएवढा का होईना, फरक राहतोच. कमी वेगात नळीचा ताठपणा त्या फरकाला आवरून धरतो. वेग वाढत जातो तसा फरकाचा ओढा वाढत जातो, आणि एका ठरावीक वेगाला नळी स्वतःहून वाकून भिरभिरू लागते. इंजिनिअर या वेगाला ‘क्रिटिकल स्पीड’ म्हणतात. नळी तिथे रेंगाळली तर आधी गाडीचा तळ थरथरतो, मग जॉइंट जातात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नळीच तुटते.

या वेगावर माणसं बराच काळ विचार करत आली. स्कॉटलंडच्या रँकिन यांनी १८६९ मध्ये फिरणाऱ्या दांड्यांवर लिहिलं आणि निष्कर्ष काढला की या वेगाच्या पलीकडे दांडा स्थिर राहूच शकत नाही. वीसेक वर्षांत स्वीडनच्या दे लावाल यांनी आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचिक दांडा बसवला आणि तो वेग ओलांडून दाखवला. पलीकडे गेल्यावर दांडा शांत झाला. असं का होतं, याचं नीट गणित जेफकॉट यांनी १९१९ मध्ये मांडलं. मला ही हकिकत फार आवडते. पण गाडीच्या शाफ्टला ती वाट खुली नाही. टर्बाइन तो वेग झटकन ओलांडून वरच्या एका वेगावर तासन्‌तास राहतं. गाडीचा वेग तुमच्या पायाखाली असतो, कधी वर, कधी खाली, कधी नेमका नको तिथे. म्हणून गाडीच्या शाफ्टनं त्या वेगाच्या बऱ्याच अलीकडे राहायचं असतं.

इथे लांबीला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. लांबी दुप्पट झाली की क्रिटिकल स्पीड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. उलट, शाफ्ट मधोमध तोडून दोन केले की प्रत्येक तुकड्याचा वेग चौपट वर जातो. मूळ कंपनीनं नेमकं हेच केलंय.

आता खोक्यातल्या नळीकडे वळा. समजा दोन जॉइंटमधलं अंतर १.३ मीटर आहे आणि व्यास ९ सेंटिमीटर. कागदावर तिचा क्रिटिकल स्पीड मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात जॉइंट आणि त्यांचे आधार थोडे लवतात, त्यामुळे तो खालीच असतो. लांबी २० सेंटिमीटरनी वाढवली, तर कागदावरचाच आकडा साडेसहा हजारांवर उतरतो. आणि ३.७३ प्रमाणाची गाडी ताशी २५० किलोमीटरला पोचते, तेव्हा शाफ्ट ७४०० च्या आसपास फिरत असतो. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून क्षणभर पाहा. शाफ्ट विकणाऱ्यानं तुमच्या गाडीच्या लांबीला, तुमच्या डिफ्रन्शियलच्या प्रमाणाला किती वेगापर्यंत हमी दिली आहे, हे खोका फोडण्याआधी विचारा. उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर खोका परत पाठवा.

ॲल्युमिनियम का, हाही प्रश्न मनात घोळू द्या. ताठपणा आणि वजन यांचं गुणोत्तर पोलादात आणि ॲल्युमिनियममध्ये जवळपास सारखंच असतं. सारख्या व्यासाच्या, सारख्या लांबीच्या नळ्या घेतल्या तर क्रिटिकल स्पीडमध्ये फारसा फरक पडत नाही. ॲल्युमिनियमचा फायदा असा की वजन न वाढवता नळी जाड व्यासाची करता येते, आणि व्यास वाढला की वेगही वर जातो. कार्बन फायबरचं गुणोत्तर मुळातच वरचढ. २०१३ च्या शेल्बी जीटी ५०० मध्ये ६६२ अश्वशक्तीचं इंजिन होतं, आणि त्या गाडीला फोर्डनं स्वतःच एकसंध कार्बन फायबरचा शाफ्ट दिला होता. म्हणजे एकसंध शाफ्ट काही हौशी लोकांचं खूळ नाही. किंमत मोजायची तयारी असेल तर कंपनीही तो बसवते.

आता वजनाकडे येऊ. इथे मला सावकाश जायचंय, कारण बहुतेकांचा जीव इथेच अडकतो. मूळ शाफ्ट ढोबळमानानं १७ किलोचा, नवा ८-९ किलोचा. वजन निम्मं झालं, आणि तेही फिरणारं वजन, म्हणून गाडी उडी मारेल अशी आशा असते. ती आशा मनात तशीच असू द्या आणि हिशेब करून पाहा. शाफ्ट बारीक असतो, त्याचं सगळं वजन अक्षापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर. तो चाकाच्या पावणेचारपट वेगानं फिरतो हे धरलं, तरी जुन्या शाफ्टच्या फिरण्याचा बोजा म्हणजे गाडीवर आणखी तीनेक किलो ठेवल्यासारखा. नव्याचा दोनेक किलो. शिवाय शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे आहे. फ्लायव्हील हलकं केल्याचा फायदा पहिल्या गिअरमध्ये गुणाकारानं वाढतो, तसं इथे काही होत नाही. एकूण वाचले नऊ-दहा किलो. गाडी सतराशे किलोची. टाकीत १२-१३ लिटर पेट्रोल कमी भरलं तर तेवढाच फरक पडेल.

हे वाचून खट्टू झालात का? होऊ नका. जरा थांबून पाहा, वजनाशिवाय आणखी काय हवं होतं तुम्हाला?

ज्यांनी शाफ्ट बदलला, ते सांगतात की गाडी ‘सरळ’ झाली, पाय आणि रस्ता यांच्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यांचं म्हणणं मला पटतं, फक्त त्याचं कारण वजनात नाही. मधला जॉइंट थोड्या कोनात असतो. जोरात निघताना २००० न्यूटन-मीटरचा पीळ त्या कोनातून जातो तेव्हा जॉइंट आडवा जोर मारतो, सेंटर बेअरिंग त्याच्या रबरात हलतं, आणि तळातून एक थरथर वर येते. एकसंध शाफ्टमध्ये ही जागाच नाही. बेअरिंग नाही, म्हणून ते सुकत नाही, गुरगुरत नाही. एक सांधा कमी, म्हणजे झिजून ढिली होणारी एक जागा कमी. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून परत दाबताना खालून येणारा ‘टक्‌’ थोडा कमी होतो. हे सगळं खरंय आणि हवंहवंसं आहे. पण त्या रबराची दुसरी बाजूही लक्षात घ्या. डिफ्रन्शियलच्या दातांचा सूर, गिअरबॉक्सची कुजबुज, नळीचा स्वतःचा कंप, यातलं बरंच काही वाटेत अडवायचं काम मूळ रचना करत होती. नवी नळी रुंद, पातळ आणि पोकळ. ती आवाज गिळत नाही, पुढे पाठवते.

आता जॉइंटच्या आत जाऊ. नव्या शाफ्टला क्रॉसवाले यू-जॉइंट असतील, तर अधिकाच्या आकाराचा एक क्रॉस, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत सुयांसारख्या बारीक रोलरांची रांग. शाफ्ट कोनात फिरला की त्या सुया पुढेमागे डुलतात आणि ग्रीस पसरत राहतं. सगळं नाकासमोर सरळ रेषेत असावं असं वाटणं साहजिक आहे. पण कोन शून्य झाला तर सुया हलतच नाहीत, त्याच जागी दाबल्या जातात, आणि क्रॉसवर बारीक रेघा कोरल्या जातात. म्हणून निदान अर्धा अंश तरी कोन हवा. तो तीन अंशांच्या वर गेला की दुसरंच दुखणं सुरू होतं. कोनातला यू-जॉइंट वेग सारखा पोचवत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे जातो आणि दोनदा मागे पडतो. दोन टोकांचे कोन सारखे असले की एकाची चूक दुसरा फेडतो. गाडी खाली बसवली असेल, बुश बदलले असतील, तर हे गणित आधीच सरकलेलं असणार. दोन्ही टोकांचे कोन मोजल्याशिवाय नळीला दोष देऊ नका.

आणखी एक छोटी गोष्ट. नळीवर बोटं फिरवलीत तर टोकाजवळ वेल्ड केलेला एक चौकोनी तुकडा लागेल. ते बॅलन्सचं वजन. नळीच्या पृष्ठभागावर एक ग्रॅम कमीजास्त झाला तर ३००० फेऱ्यांना तो जवळजवळ अर्ध्या किलोच्या जोरानं ओढतो, ६००० ला त्याच्या चौपट. फ्लँजवर राहिलेला गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा खडा एवढ्यालाही पुरतो. म्हणून बसवताना दोन्ही तोंडं चकाकेपर्यंत पुसा. घाई करायची ही जागा नाही.

माझं मत विचाराल तर, ड्रॅग स्ट्रिपवर चिकट टायरांनी निघणाऱ्या, इंजिनाची ताकद बरीच वाढवलेल्या गाडीला हा बदल हवाच. तिथे प्रश्न शाफ्ट टिकण्याचा आहे. अशा गाडीला सेफ्टी लूपही हवा. पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत, पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पोलादी पट्टी, शाफ्टभोवती पूर्ण कडं करून. पुढचा जॉइंट तुटला तर नळी खाली पडून रस्त्यात रुतते, आणि धावती गाडी त्या नळीवर चढते. लूप न लावता शर्यतीला निघालेल्या माणसाला मी हात धरून थांबवेन. सेंटर बेअरिंग गेलंय आणि नवा शाफ्ट घ्यायचाच आहे, अशी वेळ आली तरी एकसंध घेणं रास्त. पण गाडी रोजच्या रस्त्याची असेल, जुना शाफ्ट ठणठणीत असेल, मागे मुलं झोपत असतील, तर ते पैसे चांगल्या टायरांवर घालवावेत असं मला मनापासून वाटतं.

एवढं होऊनही मन त्या खोक्याकडेच ओढ घेत असेल, तर उठा. गाडी चारही स्टँडवर सपाट घ्या, गिअर न्यूट्रलला. एक्झॉस्ट आणि उष्णतेचा पत्रा आधी उतरवा. जुना शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची एकच सलग रेघ ओढा, म्हणजे परत कधी बसवलात तर होता तसाच बसेल. बोल्ट नवे वापरा, सांगितलेल्या टॉर्कला आवळा. पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर ताशी दहा-दहा किलोमीटरनं वर जा. गाणं बंद, काचा वर. प्रत्येक टप्प्यावर कोपर कन्सोलवर टेकवा आणि थोडं थांबा. एखाद्या ठरावीक वेगाला कंप येतो आणि तो ओलांडला की जातो, की वेगाबरोबर वाढतच राहतो, हे लिहून ठेवा. वाढतच राहिला तर पुढे जाऊ नका, गाडी बाजूला घ्या.

जुना शाफ्ट भंगारात देऊ नका. फ्लँजवर ग्रीसचा हात फिरवा, आडवा ठेवून दोन-तीन जागी आधार द्या, म्हणजे सेंटर बेअरिंगच्या रबरावर भार येणार नाही. जुने बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांधा, ओळखायला उपयोगी पडतील. नव्याचा सूर महिनाभरात कानाला नकोसा झाला, तर जुना परत चढवायला एक दुपार पुरते.