प्रारंभाची प्रतिष्ठा

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामात उन्हाळ्याचे काही आठवडे सेवेसाठी राहण्याचा योग आम्हांस आला. एका रविवारी मिस्सानंतर मूळच्या वसईच्या एका कुटुंबाने आम्हांस जेवावयास नेले. घरातील थोरला मुलगा अभियांत्रिकी शिकत होता; मात्र विद्यापीठात नव्हे, तर जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात. पहिली दोन वर्षे तेथे पूर्ण करून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जावयाचे, असा त्याचा बेत होता. आपल्या प्रयोगशाळेविषयी तो मोठ्या उत्साहाने बोलत होता. निरोप घेताना वडील दारापर्यंत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, गावी आई विचारील. पोरगा युनिव्हर्सिटीत आहे, एवढंच सांगा."

आम्ही मान डोलावली. पुढे गावी आजीने विचारले तेव्हा "कॉलेजात आहे, चांगलं चाललंय" असे उत्तर देऊन आम्ही वेळ निभावून नेली. शब्द खोटे नव्हते, परंतु आम्ही त्यांच्या आड लपलो होतो. तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. शिक्षणाचा प्रारंभ कोठे झाला, ही गोष्ट लपविण्याजोगी का वाटावी?

ज्या संस्थेची त्या पित्यास लाज वाटत होती, तिचा इतिहास लाजिरवाणा नाही. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सहा विद्यार्थ्यांनिशी असे पहिले सार्वजनिक कॉलेज सुरू झाले. घरापासून दूर राहण्याचा खर्च न करता मुलांना विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास करता यावा, हा त्यामागील हेतू. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा आखला. गुणवत्तेने वरच्या अष्टमांशात येणाऱ्या मुलांसाठी राज्याचे विद्यापीठ, वरच्या तृतीयांशातील मुलांसाठी राज्य महाविद्यालये, आणि शिकू इच्छिणाऱ्या अन्य सर्वांसाठी ही दोन वर्षांची कॉलेजे, अशी त्याची रचना होती. या शेवटच्या पायरीवरून वर जाण्याची वाटही त्याच आराखड्यात होती.

तेथे शिकविले जाणारे कलनशास्त्र काही निराळे नसते. कलनशास्त्राची तीन सत्रे, प्रयोगांसह भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संगणकाची एखादी भाषा एवढी शिदोरी अभियंता होऊ पाहणाऱ्यास दोन्हीकडे बांधावीच लागते. फरक पडतो तो खर्चात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशास कम्युनिटी कॉलेजात २०१२ सालापासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात. पूर्ण वर्षाच्या तीस युनिटांचे १,३८० डॉलर होतात. त्याच राज्याच्या विद्यापीठात वर्षाचे शुल्क सुमारे १५ हजार डॉलर आहे.

या वाटेने गेलेली माणसे कोठवर पोहोचली, हेही पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट गिब्सन यांनी १९६६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका कम्युनिटी कॉलेजातून अभियांत्रिकी विज्ञानाची दोन वर्षांची पदवी घेतली आणि १९६९ साली कॅलिफोर्नियात वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी मिळविली. १९९५ साली रशियाच्या मीर स्थानकाशी प्रथमच जोडल्या गेलेल्या अमेरिकन अवकाशयानाचे ते प्रमुख होते. अॅडम स्टेल्ट्झनर शाळेत भूमितीत नापास झाले होते आणि पुढे गाण्याबजावण्यात रमले होते. रात्री उशिरा घरी परतताना मृग नक्षत्राने आपली जागा बदललेली त्यांना दिसे. असे का होते, या कुतूहलाने ते कॉलेज ऑफ मरीन या कम्युनिटी कॉलेजात दाखल झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये 'क्युरिऑसिटी' ही गाडी मंगळावर सुखरूप उतरविणाऱ्या अभियंत्यांचे नेतृत्व त्यांनीच केले.

परंतु वाचकहो, अशी मोजकी नावे सांगून आम्ही थांबलो, तर ते दुसरे अर्धसत्य ठरेल. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० साली अशाच एका कॉलेजाचा अभ्यास करून एक बोचरे निरीक्षण मांडले. विद्यापीठाची आकांक्षा धरून आलेल्या अनेक मुलांची ती आकांक्षा येथे हळूहळू, समजुतीच्या शब्दांनी थंड केली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. येथे दाखल होणाऱ्यांपैकी पदवीपर्यंत पोहोचणारे आजही थोडेच आहेत. कलनशास्त्राच्या आधीची गणिते कच्ची असतील, तर दोन वर्षांची तीन होतात. एखादा विषय विद्यापीठाने मान्य केला नाही, तर तो पुन्हा शिकावा लागतो. कोणता विषय कोठे ग्राह्य धरला जाईल, याची कोष्टके उपलब्ध असतात; पण ती पहिल्याच सत्रात पाहावयास हवीत, हे सांगणारे वडीलधारे माणूस ज्याच्या घरी नाही, त्याचे काय? गरिबास स्वस्त वाट दाखवावी आणि त्या वाटेच्या टोकाचे दार बंद आहे की उघडे, हे पाहू नये, ही दया नव्हे, अन्याय आहे.

म्हणजे प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक त्या पित्याची. मान हा मान मिळविणाऱ्यापेक्षा मान देणाऱ्यांवर अधिक अवलंबून असतो, म्हणून ते जीवनाचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही, असे अॅरिस्टॉटलने म्हटले आहे. शेजाऱ्यांच्या आणि नातलगांच्या नजरेसाठी मुलाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर चढविणे, किंवा त्याच्या प्रामाणिक कष्टांवर पडदा टाकणे, म्हणजे आपल्या मानाची किंमत त्याला मोजावयास लावणे होय. दुसरी बाजू सल्ला देणाऱ्यांची, म्हणजे आमचीही. "झेपेल तेवढेच करावे" हा उपदेश नम्रतेच्या नावाने दिला जातो. संत थॉमस अॅक्विनास यांच्या मते मात्र नम्रता आणि महान ध्येयाची आस हे परस्परविरोधी गुण नव्हेत. माणसाने आपली उणीव ओळखावी आणि आपल्याला लाभलेले देणेही ओळखावे. खालच्या पायरीवर पाय ठेवणे ही नम्रता होय. वरची पायरी आपल्यासाठी नाहीच असे मानणे ही नम्रता नव्हे.

आपल्याकडेही दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात येणारी मुले आहेत. 'डिप्लोमावाला' हा शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. त्या मुलाने यंत्रशाळेत कानशीने लोखंड घासलेले असते. पदवीच्या वर्गातील गणित त्याला जड जाते, तेव्हा त्याला हिणवणारे पुष्कळ भेटतात. संध्याकाळी जवळ बसवून शिकविणारा विरळा.

मनाची टोचणी शमेना, तेव्हा आम्ही पुन्हा त्या आजीकडे गेलो. मुलगा विद्यापीठात नाही, छोट्या कॉलेजात आहे, दोन वर्षांनी पुढे जाण्याचा त्याचा विचार आहे, असे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "फादर, तिथून पुढे जाता येतं ना?"

आजीने नेमका हाच प्रश्न विचारावा, याचे आम्हांस नवल वाटले. जाता येते, असे आम्ही म्हणालो. त्या घरी जेवलो तेव्हा मुलाला आम्ही प्रयोगांविषयी पुष्कळ विचारले होते, पण विद्यापीठाची कोष्टके पाहिलीस का, हे विचारावयाचे राहून गेले होते. त्या रात्री आम्ही त्याला पत्र लिहिले.